मधोमध डाग

अहो नाही, ती वायर नका काढू, वायर नीट आहे, मीच बदललीय — बसा आधी. खुर्चीवरची ती कागदांची चळत ठेवा खाली, हां. तर कसंय ताई, हा छोटा पडदा माझा जुना आणि हा मोठा लेकीनं घेऊन दिलाय. ती पुलांचे नकाशे करते. नकाशाचा प्रोग्राम चालतो तिच्या ऑफिसातल्या मशीनवर आणि चित्र उमटतं इथं, माझ्या घरात, पडद्यावरच्या एका खिडकीत — ते काम डिस्प्ले सर्व्हरचं, आणि तो मीच बसवलाय, कुणाला विचारायला गेलो नाही. खिडकी आपली सारखी छोट्यावरच उघडायची. मग सेटिंगमध्ये सांगितलं, बाबा रे, दुसऱ्या मॉनिटरवर उघड आणि ऐसपैस पसर. पसरली की! मग अडलं कुठं? अडलं हे — हे बघा, मधोमध. हा डाग.

दिसतोय ना? थांबा, पांढऱ्यावर नीट कळेल… हा. आता? बरं, तुम्ही खालचं सेटिंग बघताय, बघा. तर मी काय डोकं चालवलं, खिडकी अर्धी केली आणि डावीकडं सरकवली, म्हटलं डाग बसू दे मोकळ्या जागेत. तर डाग खिडकीत! उजवीकडं नेली, तिकडंही हा हजर. म्हणजे सर्व्हरच गंडलाय, नाही का? तुमच्या दुकानानं पडदा एकदा बदलूनही दिला म्हणा, पण डाग तसाच. काउंटरवरच्या त्या माणसाला मी काय काय बोललो — जाऊ दे, त्याला सांगा माझं डोकं फिरलं होतं. आणि लेकीला म्हणालो, स्वस्तातला माल उचललास बापासाठी. ती आपली फडकं घेऊन पडदा पुसायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मीही जन्मभर पुलांचंच काम केलं, म्हणून ती शेवटची तपासणी माझ्याकडून करून घेते ना. बाबांनी बघितलं की मी निर्धास्त, असं ऑफिसात सगळ्यांना सांगत असते. आणि मागच्या पुलात — शाळेसमोरचा पादचारी पूल, पोरं जाणार त्याच्यावरून — एका खांबाच्या तळाशी बोल्ट आठ हवे होते, नकाशात सहाच होते. मी ‘ठीक’ म्हणून पाठवलं. मोजलेच नाहीत हो! मधे डाग, म्हटलं आठच असणार, नेहमी आठच असतात. तिच्या हाताखालच्या पोरीनं पकडलं म्हणून निभावलं. आणि लेकीनं साहेबासमोर चूक स्वतःवर घेतली. मला कळलं तर काय म्हणालो माहितीये? पडदा खराब आहे, मी काय करू. लाज वाटते सांगायला. पण तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं — वाटत होतं की नाही, देव जाणे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. एका चिठ्ठीवर लिहून द्या ना, पडदा नादुरुस्त होता म्हणून. एवढंच. तिला दाखवतो.

काय म्हणता, खिडकी जुन्यावर नेऊन बघू? न्या. पण जुना ठणठणीत आहे हो, त्याला कधी… आली? बघू.

इथंही आहे.

नाही, थांबा, सर्व्हर बंद करा. बंद करा पूर्ण. झाला? मग हा डाग आता कशाचा? तुम्ही माझ्याकडं काय बघताय, पडद्याकडं बघा ना! एक डोळा झाकू? कशाला झाकू, मी बघतोय की तुमच्याकडं, चांगला समोर बघतोय — केस दिसतायत, कान दिसतायत, कानातलं चमकतंय, आणि तुमचं नाक… तुमचा चेहरा…

तुम्हाला आधीच कळलं होतं. मगाशी, पांढऱ्यावर दाखवलं तेव्हाच. मग बोलला का नाहीत? बरोबर आहे, काय बोलणार. मी तरी कुणाला बोलू दिलं? आणि आजसुद्धा तिच्याकडून एक पूल आलाय, आणि मी सकाळीच, तुम्ही यायच्या आधी, ‘ठीक’ म्हणून —

अहो, निघा तुम्ही. नाही, चहा नाही, काही नाही, निघा. चिठ्ठी नको. फक्त हा फोन घ्या आणि लेकीला लावून द्या, मला ती अक्षरं दिसत… ‘थोरली’ म्हणून आहे बघा. तुम्ही नका बोलू, मीच सांगतो. लागला? द्या इकडं. वाजतोय.

जा ना आता. दार ओढून घ्या.