माझी सुरक्षित लिफ्ट

माझ्या प्रोजेक्टच्या लिफ्टचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? लिफ्टचं दार नुसतं खडखडलं तरी मी दचकते, म्हणून विषयही तोच घेतला होता: लिफ्टचा प्रोग्राम कधीच अपघात होऊ देणार नाही, हे गणिताने सिद्ध करायचं. सबमिशनच्या आदल्या दिवशी स्क्रीनवर हिरवी टिक आली आणि मी धावत खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकांकडे गेले. कांदिवलीतल्या निम्म्या लिफ्ट त्यांनीच दुरुस्त केल्यात.

“काका, सिद्ध झालं. दार उघडं असताना माझी लिफ्ट कधीच हलणार नाही.”

“झकास. आणि दार बंद असताना?”

“तेव्हा हलेल ना.”

“बघितलंस?”

वर जाऊन तपासलं, तर स्क्रीनवरची लिफ्ट तळमजला सोडतच नव्हती. बटण मोटरला जोडणारी ओळच मी लिहिली नव्हती. न हलणाऱ्या लिफ्टचा अपघात होणार कसा?

पुढे ती ओळ घालून प्रोजेक्ट वेळेत गेला, पण त्या क्षणी मी रडवेली होऊन पुन्हा काकांच्या दारात.

“काका, वाट लागली. ती हलतच नाही.”

काकांनी शांतपणे चहाचा कप खाली ठेवला. “अगं, रडतेस काय? मुंबईत दारासकट खोली बांधलीस. भाड्याने दे.”