आमच्या स्टाफचा झोत

फिजिक्सच्या मास्तरानं प्रात्यक्षिकाच्या फंदात पडू नये, हे मला यंदाच्या विज्ञान दिनाला कळलं.

मी मुलांना सांगत होतो, की कण पळवायच्या यंत्रात जड आयनांचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंचा, झोत गोल फिरतो. सगळे आयन एकाच दिशेला, जवळपास एकाच वेगानं. तरी दाटीत एकमेकांनाच धक्के देतात आणि झोत फुगत जातो. बाहेरून कुणी हातसुद्धा लावत नाही.

"मग करून दाखवा की," प्राचार्य म्हणाले. "मुलं नकोत, पडली तर पालक भांडायला येतील. आणि जडच पाहिजेत ना? स्टाफ आहे की."

झालं. पुढे प्राचार्य, मागे आम्ही आठ शिक्षक चिकटून, त्यात सगळ्यात शेवटी खेळाचे बिराजदार सर. मैदानाची पहिली फेरी झकास झाली. दुसरीत कोपरं लागायला लागली. तिसरीत झोत असा फुगला, की प्राचार्य थेट पाहुण्यांच्या चहाच्या टेबलावर.

"कुणी ढकललं?" शर्टावरचा चहा झटकत ते ओरडले.

"सर, तेच तर सिद्ध झालं," मी म्हणालो. "बाहेरून कुणीच नाही."

त्यांना विज्ञान पटलं नाही. सगळ्यांकडून लेखी खुलासा मागितला. आठही खुलाशांत एकच वाक्य होतं: 'मला मागून धक्का बसला.'

मी बिराजदार सरांना गाठलं. "अहो, तुम्ही तर शेवटी होता. तुमच्या मागं कोण होतं?"

"कुणीच न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "पण सगळा स्टाफ एका दिशेनं चाललाय, तर मी एकट्यानं कशाला झोत फुगवू?"