तबकडीवरचे शेवटचे अकरा सेकंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या ध्वनिसंग्रहालयाचे संचालक महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत त्या आमच्या संग्रहपाल बाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि कन्या, माझे सहकारी बंधुभगिनी, आणि चहा आहे असं कळल्यामुळे आत आलेली इतर मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला सात मिनिटं दिली आहेत. बाईंशी एका साध्या अर्जावरून माझं बोलणं सात आठवडे चालायचं, तिथं सात मिनिटांत काय होणार? पण आयोजकांपुढे कोणाचं चालतं?

माझ्या आधी चार वक्ते बोलले. चौघांनीही बाईंना शांत, मनमिळाऊ आणि सहकार्यशील म्हटलं. मी प्रशासकीय अधिकारी म्हणून एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत बसतो. मला क्षणभर वाटलं, आपण भलत्याच समारंभाला आलो की काय! अहो, कार्यालयात बाईंना 'सुई' म्हणतात, हे काय मी सांगायला हवं? त्यांनाही ठाऊक आहे. माइकवाले, हा आवाज जरा बघा हो. सारखा शिट्टी मारतोय.

तर सुई. लाकडी कपाटात रेकॉर्ड ठेवू नका, वाळवी लागते. लोखंडी कपाटात ठेवू नका, तापतं. आडव्या ठेवू नका, वाकतात. मग उभ्या ठेवायला जागा द्या. जागा कुठून द्यायची? तर म्हणे, तुमच्या खोलीत खिडकीच्या बाजूला साडेतीन फूट रिकामे आहेत. मोजले होते हो, मी जेवायला गेलो असताना! आणि हे सगळं कशासाठी? तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी गावोगाव हिंडून टिपलेली लोकगीतं. जात्यावरची, नावेवरची, शेतातली. गाणारे कोण, कुठले, काही पत्ता नाही. मी एकदा वैतागून विचारलं, "बाई, ऐकतं कोण हे?" त्या म्हणाल्या, "तुम्ही ऐकलंय का?" मी म्हटलं, "मला वेळ कुठाय?" त्या म्हणाल्या, "मग तुम्ही सोडून बाकीचे ऐकतात."

असो. आता जे सांगतो आहे ते सांगायचं ठरवून आलो नव्हतो. पण चार वक्त्यांनी इतकं गोड बोलून ठेवलं आहे की खरं सांगितल्याशिवाय घशाखाली चहा उतरायचा नाही.

सहा वर्षांपूर्वी आपल्याकडे नवीन संगणक आले. त्यांना खोली हवी होती. तोपर्यंत सगळ्या रेकॉर्ड संगणकावर उतरवून झाल्या होत्या. वरून पत्र आलं की प्रती तयार असतील तर जुनाट मूळ वस्तू निकालात काढायला हरकत नाही. मी फाइल बाईंकडे पाठवली. एका शब्दात परत आली, 'असहमत'. पुन्हा पाठवली. 'असहमत', खाली तारीख. पाच वेळा पाठवली, पाच वेळा तेच. पाचव्या वेळी तर त्यांनी शिक्काच करून घेतला होता!

मग बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्या तीन आठवडे रजेवर गेल्या. आणि त्या तीन आठवड्यांत रेकॉर्डच्या तीन पेट्या भंगारात गेल्या. आजवर सगळ्यांची समजूत अशी आहे की वरच्या आदेशानं गेल्या. नाही. वरच्या पत्रात 'हरकत नाही' एवढंच होतं. सही माझी होती. संचालक महोदय माझ्याकडे बघताहेत, बघू द्या. मला त्या पाच 'असहमत'चा राग आला होता, आणि त्या नाहीत तोवर उरकून टाकू असं मी म्हटलं. त्या तीन आठवड्यांत फार मोकळं मोकळं वाटलं होतं मला.

बाई परत आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा. खोली बघितली. माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि एकच विचारलं, "कुठे?"

मी भंगारवाल्याचा पत्ता सांगितला. त्या निघाल्या. आता डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं: वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. मग वाकणार कोण? हाताखालच्या माणसांसमोर त्यांनी मला तसं विचारलं, आणि मी फाइल काखोटीला मारून निघालो. भर दुपारी, पत्र्यांच्या आणि फुटक्या पंख्यांच्या ढिगात, मी गुडघ्यांवर. या वरती उभ्या राहून सांगताहेत, "डावीकडे. त्या गोणीखाली. हळू, कडेनं धरा, कडेनं!" मधूनच घड्याळ बघून डोळ्यांत थेंब घालायच्या आणि पुन्हा सुरू.

दोन पेट्या सापडल्या. तिसरीतला माल आधीच कुठंतरी वितळवायला गेला होता. तिच्यातली एकच रेकॉर्ड मागे राहिली होती, कारण भंगारवाल्याच्या बायकोनं ती पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली होती. मधल्या भोकातून कचरा पडू नये म्हणून त्यात बूच बसवलेलं.

बाई म्हणाल्या, "ताई, ही आमची आहे. द्याल का?"

"घ्या की. पण मग पिंपावर काय ठेवू?"

बाईंनी माझ्या काखेतली फाइल ओढली, आतले कागद माझ्या हातात दिले आणि पुठ्ठा पिंपावर ठेवला. त्या कागदांत माझ्या सहीचं पत्र वरच होतं. काळ्या चष्म्यातून त्यांना दिसलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

ती रेकॉर्ड त्यांनी धुतली, पुसली आणि वाजवली. मिठागरात काम करणाऱ्या बायकांचं गाणं होतं. संगणकातलं तेच गाणं शेजारी लावलं. गाणं तेच. पण संगणकात ते संपल्याबरोबर संपत होतं आणि रेकॉर्डवर पुढे आणखी अकरा सेकंद होते. 'गाण्याव्यतिरिक्तचा आवाज वगळावा' असं कलम प्रती करणाऱ्यांच्या करारात होतं. कलम कोणी घातलं होतं? करार आमच्याकडे एकच माणूस लिहितो.

त्या अकरा सेकंदांत काय आहे? आधी वारा. मग मुख्य गाणारी बाई म्हणते, "झालं ना त्यांचं? उचला टोपल्या, भरती यायच्या आत." आणि दुसरी, धापा टाकत, "थांबा की वन्सं, दम तरी खाऊ द्या!" आणि दोघी हसतात. संपलं.

बाई मला म्हणाल्या, "ऐकलंत? वन्सं म्हणाली. म्हणजे गाणारी नणंद आहे आणि ही तिची भावजय."

मी म्हटलं, "बरं मग?"

'बरं मग' हे दोन शब्द मी उच्चारायला नको होते. कारण पुढच्याच वर्षी आपल्या वर्धापनदिनासाठी निवडक लोकगीतांची नवी रेकॉर्ड काढायचं ठरलं. हल्ली लोक पुन्हा रेकॉर्ड घेतात, हे आपण बघतोच. परवा एका परिचारिका बाईंनी तीन घेतल्या. मी विचारलं, "वाजवायला यंत्र आहे?" म्हणाल्या, "नाही." "मग?" "घेईन हो सावकाश. आधी गाणी तर घरात येऊ देत." आता या लोकांना काय म्हणावं?

तर बारा गाणी निवडली, वेष्टनाचा नमुना छापून आला आणि सातव्या गाण्यापुढे लिहिलं होतं, 'गायिका अज्ञात'. बाईंनी त्यावर काय लिहिलं असेल? शिक्का तयारच होता.

पुढचे अकरा महिने माझ्या केसांचं काय झालं ते आपण समोरून बघताच आहात. मी वर चार खुलासे पाठवले. छापखान्याचे लोक माझ्या दारात बसायचे. आणि बाई दर रविवारी मिठागराकडे. ते आगर केव्हाच बंद पडलेलं; तिथं आता गोदामं आहेत. कामगार पांगलेले. बाई पहारेकऱ्याला विचार, जुन्या मुकादमाला विचार, गावठाणातल्या शिंप्याला विचार, असं करत फिरत होत्या. प्रत्येकाला ते अकरा सेकंद ऐकवायच्या. मी म्हणायचो, "बाई, 'पारंपरिक' लिहून टाका, कोण विचारतंय!" त्या म्हणायच्या, "ती नणंद विचारेल."

अकराव्या महिन्यात एका सोमवारी त्या एका म्हातारीला घेऊन कार्यालयात आल्या. ऐंशीच्या पुढची, वाकलेली, बरोबर सून. तीच भावजय. आमच्या ऐकण्याच्या खोलीत तिला बसवलं. मी का गेलो? मला खात्री करून घ्यायची होती की आता तरी हे प्रकरण संपतंय.

गाणं लागलं. म्हातारी मान हलवत होती, जसं कोणाचंही गाणं ऐकावं तशी. सून म्हणाली, "यांना ऐकू कमी येतं हो." गाणं संपलं. वारा आला. "झालं ना त्यांचं? उचला टोपल्या..."

म्हातारी उभी राहिली. काठी पडली तिची. म्हणाली, "वन्सं?" आणि दाराकडे बघायला लागली.

सुनेनं तिला खाली बसवलं. मग ती आपणहून सांगायला लागली. म्हणाली, "त्याच वर्षी गेल्या वन्सं. तापानं. फोटो कुठला आमच्याकडे! चेहरा आठवतो मला, रोज आठवतो. पण त्या बोलायला लागल्या ना मनात, की आवाज माझाच यायचा. त्यांचा येतच नव्हता. किती वर्षं झाली, मी म्हणायची, आवाज कुठं गेला यांचा?"

बाईंनी विचारलं, "आजी, गाणं पुन्हा लावू?"

"गाणं नको. ते पुढचं लावा."

आठ वेळा लावलं. आठव्या वेळी तिनं रेकॉर्डमधल्या स्वतःच्या आवाजाबरोबर म्हटलं, "थांबा की वन्सं," आणि हसली. तिची सून रडत होती. बाई रडत नव्हत्या. त्या सुईवर लक्ष ठेवून होत्या. मी बाहेर आलो, माझ्या खोलीत गेलो आणि खिडकीच्या बाजूचे साडेतीन फूट रिकामे केले.

नाव मिळालं. वेष्टन पुन्हा छापलं. सातवं गाणं शेवटच्या अकरा सेकंदांसह गेलं. आपल्याकडे आजवर सर्वांत जास्त मागणी त्याच रेकॉर्डला आहे, आणि येणारी पत्रं गाण्यापेक्षा त्या दोघींच्या हसण्याबद्दलच जास्त असतात. मी कित्येक वर्षं विचारत होतो ना, ऐकतं कोण हे? उत्तरं द्यायला आता मला एक वेगळा कारकून लागतो. एकेक पत्र चार-चार पानांचं!

पण श्रोतेहो, गोष्ट इथं संपली असती तर मीही बाईंना मनमिळाऊ म्हणून खाली बसलो असतो. नवे संग्रहपाल रुजू होईपर्यंत म्हणून आज सकाळी बाईंनी माझ्याकडे कार्यभार सोपवला. किल्ल्या दिल्या, नोंदवही दिली. वहीत त्या तिसऱ्या पेटीचं पान उघडून ठेवलं. पेटीत अठ्ठावीस रेकॉर्ड होत्या. एक परत आली. उरलेल्या सत्तावीस ओळींपुढे शेऱ्याचा रकाना कोरा होता. सहा वर्षं कोरा! "हा तुमच्यासाठी ठेवलाय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या सहीचं पत्र त्यांना त्या दुपारीच दिसलं होतं, हे मला आज कळलं. त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, अहवालात लिहिलं नाही, मला टोमणासुद्धा मारला नाही. मी वैतागून म्हटलं, "अहो बाई, मग एवढी वर्षं गप्प का बसलात? भांडायचं तरी!"

त्या म्हणाल्या, "भांडून पेटी आली असती का?"

"मग आता इथं मी काय लिहू?"

"जे झालं ते लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

त्या सत्तावीस गाण्यांच्या प्रती संगणकात आहेत. स्वच्छ आहेत. गाणं संपलं की संपतं. त्यांच्यापुढे कोणाकोणाचं काय बोलणं होतं, कोणी कोणाला काय हाक मारली होती, ते आता कोणालाच सांगता यायचं नाही. कोणाची तरी म्हातारी उद्या दारात आली, तर मी तिला काय ऐकवू? सकाळी साडेदहापासून दीड वाजेपर्यंत मी ती सत्तावीस शीर्षकं एकेक वाचली आणि प्रत्येकापुढे लिहिलं, 'माझ्या आदेशाने नष्ट'. प्रत्येक ओळीखाली सही केली. बाई समोर बसून डबा खात होत्या. विसाव्या ओळीला त्यांनी मला पाणी दिलं.

माझी सात मिनिटं केव्हाच उलटली. आयोजक मला खुणा करताहेत, त्या मला दिसत नाहीत असं समजावं. अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, सभागृहानं ऐकून घेतलं, बाईंच्या घरच्यांनी इतकी वर्षं रविवार आम्हाला दिले, या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कुठं तोल गेला असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते आपण उदार मनानं सोडून द्यावं. वहीतल्या सत्तावीस ओळी मात्र सोडून देऊ नयेत, अशी नव्या संग्रहपालांना माझी विनंती आहे. येईल त्या प्रत्येकाला ते पान दाखवा. विचारलंच कोणी, तर सही कोणाची ते सांगा, आणि माझी खोली शेजारीच आहे. नमस्कार.