चॅपलच्या दारातल्या चपला

आमच्या शाळेत चॅपलबाहेर बूट काढायची परंपरा आहे ना, ती माझ्यामुळे सुरू झाली. हसू नका, ऐका.

मुलुंडच्या लुथरन हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला लागले, तो माझा पहिलाच आठवडा. नोकरी अजून कच्ची. बुधवारी सकाळी सगळी शाळा चॅपलमध्ये प्रार्थनेला जाते. मी सवयीने दाराशी चपला काढल्या आणि आत गेले. मागून माझी आठवी. टीचरने काढल्या म्हणून त्यांनीही बूट काढले. त्यांचं बघून नववीने, मग दहावीने. दारात काळ्या बुटांचा हा ढीग.

नेमके त्याच दिवशी शाळेचे पास्टर आंध्रातल्या एका वयस्कर बिशपांना घेऊन आले. ढीग बघून बिशप मुकाट्याने पायरीवर बसले आणि नाड्या सोडायला लागले. मग पास्टर काय करणार? त्यांनीही बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा अख्खा बाहेर. सगळी प्रार्थना त्यांनी पायावर पाय ठेवून घेतली.

नंतर आपापले बूट शोधण्यात मुलांचा पहिला तास गेला. पास्टरांनी मला बोलावलं. म्हटलं, वाट लागली.

"चपला तुम्ही काढल्यात?"

"सवयीने, सर. पुन्हा नाही होणार."

"आता व्हायलाच पाहिजे. बिशप म्हणाले, अगदी आमच्या गावच्या चर्चसारखी परंपरा आहे, सोडू नका. मी हो म्हणून बसलोय."

मग दार लोटून घेत हळूच म्हणाले, "फक्त एक करा, टीचर. दर मंगळवारी मला मोज्यांची आठवण करून देत जा."