गैरहजर मुलगी

अहो, आमच्या बागबाजारच्या घरी एकदा शाळेच्या बाई चार मुली घेऊन आल्या, माझा पापडांचा धंदा दाखवायला. त्या आल्याआल्याच मी बजावलं, "चारला शेजारी कोळशाच्या शेगड्या पेटवतात. धुराचा वास लागला की पापड कुणी घेत नाही." तरी धंद्याला लागणाऱ्या गुणांवर बाईंचं भाषण सुरूच. मुली लिहिताहेत, माझा जीव गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांत.

"बाई, आवरा!"

"थांबा हो, अजून सचोटीचा मुद्दा राहिलाय."

तेवढ्यात खिडकीतून धूर दिसला. मालती नावाची मुलगी वही टाकून जिन्याकडे धावली, तिच्यामागे मी. दोघींनी सगळे पापड खाली आणले. बघते तर बाईंनी हजेरीवहीत मालतीच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलेलं!

म्हटलं, "खोडा ते. खरी हजर तर एकटी तीच होती!"