धुराळ्यातली गाडी

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. बाजारचा दिवस होता आणि कळमनुरीच्या पोलीस चौकीत मी माझ्या पाळीची वाट पाहत बसलो होतो. भर रस्त्यात बैलगाडी भरधाव पळवली म्हणून जमादारांनी उकंडरावांना नुकताच दंड केला होता. एवढ्यात कय्युमभाई धापा टाकत आत आले.

"जमादार साहेब, मलाबी दंड करा."

"तुमाला कशाचा, कय्युमभाई?"

"मीबी गाडी तेवढीच जोरात पळवली. एकट्या उकंडरावाला दंड, हा कुठला इन्साफ?"

"मला तर एकच गाडी दिसली. मागं नुसता धुराळा व्हता."

"त्या धुराळ्यात मीच व्हतो, साहेब."

"ऐका, ऐका! धुराळ्यात म्हंजे माझ्या माघं!"

"उकंडराव, तू गप ऱ्हाय. साहेब, याला एकट्यालाच दंड झाला तर गाव म्हणंल, कय्युमचे बैल रवंथ करून राहिले व्हते."

"बरं, मग एकच दंड दोघं मिळून भरा. निम्मा-निम्मा."

"निम्मा काहून? माझे बैल काय निम्मेच पळाले? पुरा घ्या!"

"घ्या साहेब, कय्युमचा पुराच घ्या. अन् आमा दोघांचा परतीचाबी आत्ताच घेऊन ठिवा. गाड्या भायेर जुपलेल्याच हायेत."