तिसऱ्या हाकेआधी

ऑपरेशन थिएटरबाहेर शेजारच्या बाकावरचं वयस्कर जोडपं बोलू लागलं, तसं एका गृहस्थांनी पेपर तोंडापुढे धरला आणि कान तिकडे लावले.

"घरी सारखं 'आहेस का?' काय विचारता हो?"

"कारखान्याची सवय. सगळी यंत्रं एका तारेवर. कॉम्प्युटर प्रत्येकाला विचारत राहणार, आहेस का? तीनदा उत्तर नाही आलं, की माझ्यापुढे लाल दिवा."

"मी यंत्र आहे होय?"

"छे! यंत्रं पहिल्या हाकेला ओ द्यायची."

"आता भूल देतील. मी ओ देणार नाही. धावत आत येऊ नका."

"बघू."

"बघू नाही. चष्मा सांभाळा माझा."

आजींना आत नेलं आणि दार बंद झालं. आजोबा दाराकडे बघत पुटपुटले, "आहेस का?"

थोड्या वेळाने पुन्हा, "आहेस का?"

तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पेपरमागून आवाज आला, "आहेत हो, आहेत."